मार्चात बुडालेला दगड सप्टेंबरात कोरडा: जर्मनीतल्या शालझे तलावाचं पाणी पावसाळ्यातच कसं उतरतं?

खानापूरचा पाव्हणा
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबच्या गावचा आहे पण हितं धरणावर नोकरी केलेली माणसं आहेत, भूगोल शिकवलेल्या बाई आहेत, म्हणून विचारूलोय, हसू नका. माझी लेक आणि जावई जर्मनीत ल्युबेकला असतात. मी दोनदा जाऊन आलो, एकदा मार्चात आणि पुढल्या वर्षी सप्टेंबरात. दोन्ही खेपेला त्यांनी मला गाडीनं शालझे म्हणून एका तळ्यावर नेलं, दक्षिण टोकाला त्सारेन्टीन म्हणून गाव आहे तितं, काठावरच जुना मठ आहे विटांचा, त्याच्या खाली लाकडी धक्का. तितं बसून धुरावलेला मासा पावात घालून खाल्ला, मारेने म्हणतात त्याला, चवीला चांगला पण आपल्या तिखटाची सर नाही.

तर धक्क्याच्या पायाशी एक मोठा दगड आहे, म्हशीच्या पाठीसारखा. मार्चात तो पूर्ण पाण्याखाली होता, वरून नुसता काळपट दिसायचा. सप्टेंबरात गेलो तर तोच दगड वर आलेला, वरचा भाग खडखडीत वाळलेला आणि खाली हिरव्या शेवाळाची रेघ. माझ्या हातानं मोजलं, दीड ते दोन वीत फरक. आता आमच्या घरच्या विहिरीत सप्टेंबरात तीन पायऱ्या दिसतात आणि मे महिन्यात एकोणीस, म्हणजे पावसाळा संपला की भरलेली आणि उन्हाळा संपताना रिकामी, हे मला जन्मापासून ठाऊक. पण लेक म्हणते तितं पाऊस बारा महिने पडतो, उलट जून जुलै ऑगस्टात वाईच जास्तच. मग पाऊस जास्त पडून झाल्यावर तळं उतरलेलं कसं? आणि त्या तळ्याला मोठी नदी कुठनं येऊन मिळत पण नाही, मी नकाशा बघितला, मग पाणी येतंय कुठनं?

दुसरं म्हणजे त्सारेन्टीनहून एक बारकी नदी बाहेर पडते, शाले नावाची, ती दक्षिणेला जाते. पण जावई म्हणाले की ह्या तळ्याचं पाणी आमच्या ल्युबेकला येतं. ल्युबेक तर उत्तरेला. एकाच तळ्याचं पाणी दोन दिशांना कसं जाणार, मी गप्प बसलो, जावयाला काय बोलायचं.

कुंदाप्रेमी
काका जावई म्हणतील तिकडं पाणी जातंय म्हणायचं आणि सोडून द्यायचं, नाहीतर पुढल्या खेपेला व्हिसाचं निमंत्रणपत्र यायचं नाही.

टीएमसीवाला
पाव्हणं, प्रश्न एकदम बरोबर विचारलाय आणि दगड बघून ठेवला हे तर लईच भारी केलं. आम्ही आयुष्यभर तेच केलं, फक्त दगडाऐवजी रंगवलेली पट्टी होती.

तुमची गफलत एकच झाली आहे, तुम्ही फक्त येणारं पाणी मोजलं, जाणारं मोजलं नाही. आपल्याकडं पावसाळ्यात इतकं पाणी कोसळतं की जाणाऱ्याचा हिशेब कोण करत नाही. बेळगावला पाणी देणारं राकसकोप धरण बघा, पेपरात रोज पातळी छापून येते, 2475 फुटांवर गेलं की भरलं, आणि एक चांगला आठवडा पाऊस झाला की पाच-सहा फूट चढतंय. तितं ऊन किती पडलं, वाफ किती झाली हे कुणी विचारत नाही. जर्मनीत तसं नाही. तिकडं वर्षाचा पाऊस सगळा मिळून सहाशे-सातशे मिलिमीटर, आपल्या कणकुंबी-आमगाव भागात चार हजाराच्या वर पडतो. आणि तेवढा सहाशे-सातशे बारा महिन्यांत वाटून. म्हणजे महिन्याला पन्नास-साठ मिलिमीटर, कधी सत्तर. इतक्या बारक्या आवकीत जाणारं पाणी हाच मोठा आकडा होऊन बसतो.

आता उन्हाळ्यात तिकडं काय होतं. जूनमध्ये सतरा तास उजेड. झाडांना पालवी, शेतात गहू, मका, मोहरीच्या जातीचं पीक, सगळं पाणी ओढतंय. म्हणजे पडलेला पाऊस जमिनीत खाली जायच्या आधीच मुळं पिऊन टाकतात. आणि वर तळ्याच्या पाठीवरनं वाफ होतेच. हिशेब करून दाखवतो. शालझे साधारण 24 चौरस किलोमीटर. चांगल्या ऊनवाऱ्याच्या दिवशी तिकडं 4 मिलिमीटर वाफ धरा, म्हणजे दिवसाला 96 हजार घनमीटर, सेकंदाला एकाच्या जरा वर घनमीटर, आपल्या भाषेत 39 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 39 घनफूट. एक बऱ्यापैकी कालवा भरून वाहील एवढं पाणी रोज वर हवेत जातंय आणि कुणाला दिसत नाही.

हिवाळ्यात हेच उलटं. झाडं बोडकी, ऊन नाही, वाफ जवळजवळ नाहीच, जमीन ओलीचिंब. मग पडेल तो पाऊस गुपचूप खाली झिरपतो, भूजल वर येतं आणि काठाकाठानं तळ्यात पाझरतं. मोठी नदी मिळत नाही म्हणालात ना, पाणी येतं ते बारीक ओढ्यांतनं आणि ह्या पाझरातनं. म्हणून मार्च-एप्रिलात तळं फुगलेलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरलेलं. तुम्ही नेमके दोन टोकांना जाऊन आलाय.

तुमची विहीरच घ्या. मिरगाचा पहिला पाऊस पडला म्हणून विहिरीला लगेच पाणी येतं का? तापलेली माती आधी पिते, मग तरवा पितो, आषाढ अर्धा गेला की मग कुठं पायऱ्या बुडायला लागतात. तिकडची जमीन वर्षाचे सहा महिने मिरगातच असते म्हणा.

खानापूरचा पाव्हणा
अरे वा, 39 क्युसेक वाफ! हे मी जेवताना घरात सांगितलं तर बायको म्हणते जर्मनीला जाऊन शेवटी दगडच मोजून आलात.

भूगोलाच्या बाई
खानापूरच्या भाऊंनी मठाचा उल्लेख केला म्हणून मी पण नकाशा काढून बसले. तीस वर्षं मुलांना हिमनद्या शिकवल्या, एकपण डोळ्यानं बघितली नाही, असो.

पाणी कुठून येतं आणि जातं हे वर आलंच आहे, पण मुळात ते भांडं कसलं आहे हे बघितलं तर जास्त मजा आहे. शालझे उत्तर जर्मनीतलं सगळ्यात खोल तळं, 72 मीटर. आणि त्याच्या पाण्याची पाठ समुद्रसपाटीपासून साधारण 35 मीटर उंच. आता वजाबाकी करा. तळ्याचा तळ समुद्रसपाटीच्या 37 मीटर खाली! वर्गात हे गणित घातलं असतं तर निम्मी मुलं म्हणाली असती बाई चुकलं. साधी नदी जमीन खरवडून समुद्राच्या पातळीखाली इतकं खोल जात नाही, कारण तिला पुढं वाहायला उतार लागतो. मग हे कुणी कोरलं?

शेवटच्या हिमयुगात स्कँडिनेव्हियातनं आलेला बर्फाचा थर तिथपर्यंत पोचला होता. त्या बर्फाच्या पोटाखालनं वितळलेलं पाणी वाहायचं, आणि वर शेकडो मीटर बर्फाचं वजन असल्यामुळे ते पाणी नळातल्यासारखं दाबाखाली असायचं. दाबाखालचं पाणी चढावरपण चढतं, म्हणून ते खड्डा करत खाली जाऊ शकलं आणि परत वर येऊन बाहेर पडू शकलं. नंतर बर्फ मागं हटला तेव्हा त्या चरांमधे बर्फाचे मोठे तुकडे अडकून राहिले, त्यांच्यावर वाळू-गोटे पडून ते झाकले गेले आणि कितीतरी काळ तसेच थंड पडून राहिले. ते नसते तर चर वाळूनं कधीच भरून गेला असता. शेवटी ते वितळले आणि खड्डा मोकळा. म्हणून शालझेचा आकार बघा, गोल नाही, थाळीसारखा नाही, हाताची बोटं पसरल्यासारखे फाटे, मधे बेटं. काम्पेनवेर्डर, श्टिन्टेनबुर्ग वगैरे. नकाशात किनाऱ्यावरनं बोट फिरवायला लागलात तर बोट दुखेल.

सगळीच तळी अशी नाहीत हो. उत्तरेतच आरेंडझे म्हणून आहे, ते जमिनीखालचं मीठ पाण्यानं विरघळून वरची जमीन खचून झालं. 822 सालची नोंद आहे खचल्याची, आणि 1685 साली परत काठ खचला तेव्हा एक पवनचक्की पाण्यात गेली. ते पण 50 मीटरच्या आसपास खोल. आणि हानोव्हरजवळचं श्टाइनहुडर मेअर शालझेपेक्षा पसरटीनं मोठं, 29 चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली दीड मीटरसुद्धा नाही. म्हणजे मधोमध उभं राहिलं तर उंच माणसाचं डोकं बाहेर. ह्याला ते लोक मेअर म्हणजे समुद्र म्हणतात! आणि शालझेमधल्या झे ह्या शब्दाची गंमत अशी की पुल्लिंगी असला की तळं आणि स्त्रीलिंगी असला की समुद्र. आपल्याकडं किल्ल्याजवळ जाऊन कुणी तळं म्हणतं कुणी कन्नडात केरे म्हणतं, पण समुद्र कुणी म्हणत नाही.

टीएमसीवाला
बाई लई छान. श्टाइनहुडरचं उदाहरण फार मोलाचं आहे, त्यावरनं एक सांगतो. पाण्याची वाफ वरच्या पसरटीवर होते, खोलीशी तिचा संबंध नाही. त्यामुळे दोन्ही तळी उन्हाळ्यात जवळपास सारखीच वीतभर उतरतील, पण दीड मीटरच्या तळ्याची वीतभर म्हणजे घरातला सातवा हिस्सा गेला, बोटी चिखलाला टेकायला लागल्या. शालझेची वीतभर म्हणजे पाव्हण्यांचा दगड वर आला, एवढंच. हे आमच्या गावतळ्याचं आणि हिडकल धरणाचं नातं आहे.

निपाणी ते हॅम्बुर्ग
धागा उशिरा बघितला. मी हॅम्बुर्गला असतो, शालझे इथनं तासाभरावर, सायकल घेऊन चार-पाच वेळा गेलोय. काकांच्या जावयाचं बरोबर आहे आणि काकांचं पण बरोबर आहे, दोन्ही.

मूळ वाट दक्षिणेचीच. शाले नदी त्सारेन्टीनहून निघते, झूडे नदीला मिळते, झूडे जाऊन एल्बेला, एल्बे आमच्या हॅम्बुर्गवरनं उत्तर समुद्राला. जुन्या काळी ल्युनेबुर्गला मीठ शिजवायला ढीगभर लाकूड लागायचं, ते ह्या भागातनं शालेच्या पाण्यावरनंच खाली न्यायचे. म्हणजे तळ्याची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला, असं समज.

मग 1923 ते 1925 मधे वीज करायला कालवा खणला. पहिलं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झालेली. शालझेच्या पश्चिमेकडून मधली बारकी तळी जोडत जोडत कालवा नेला रात्झेबुर्गच्या बाजूला, फारखाउ म्हणून ठिकाण आहे तिथं वीजघर. शालझे 35 मीटरवर आणि खालचं क्युशेनझे चारेक मीटरवर, म्हणजे तीस मीटरची उडी फुकटात मिळाली. तिथनं पाणी रात्झेबुर्गच्या तळ्यातनं वाकनित्झ नदीत, वाकनित्झ ल्युबेकला त्रावे नदीला, आणि त्रावे बाल्टिक समुद्राला. झालं. काकांचे जावई ल्युबेकला जे पाणी बघतात त्यात थोडं शालझेचं असणारच. एका तळ्याचं पाणी दोन समुद्रांना, एक देवानं ठरवलेला आणि एक इंजिनिअरनं.

मलप्रभाकाठ
म्हणजे हे तर आमचं कळसा-भांडुराच झालं की! कणकुंबीला उभं राहिलं तर एका अंगाचं पाणी म्हादईतनं पणजीला अरबी समुद्रात आणि दुसऱ्या अंगाचं मलप्रभेतनं कूडलसंगमला कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात. तिकडचं हिकडं वळवा म्हणून इतकी वर्षं भांडण, लवाद, कोर्ट, आंदोलनं, बंद. आणि ह्या जर्मन लोकांनी दोन-तीन वर्षांत कालवा खणून मोकळे! शिकायला पाहिजे.

टीएमसीवाला
भाऊ थांबा, शिकायचं काय ते नीट बघूया. मी ह्या विषयात कुणाची बाजू घेणार नाही, नोकरीत असताना पण घेतली नाही, त्यामुळे दोन्हीकडनं शिव्या खाल्ल्या.

एक तर आकार. शालझेची सरासरी खोली 17 मीटरच्या आसपास धरली तर पूर्ण तळ्यात साधारण 40 कोटी घनमीटर पाणी आहे. आपल्या मापात 14 टीएमसी, म्हणजे 14 अब्ज घनफूट. हिडकलची क्षमता 51, मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणाची 37 च्या वर. आता गंमत बघा, म्हादई लवादानं 2018 मधे कर्नाटकाला दिलेलं पाणी 13.42 टीएमसी. आकडा जवळजवळ तोच. पण लगेच उड्या मारू नका, ते 13.42 दर वर्षीचं आहे आणि शालझेचे 14 म्हणजे हजारो वर्षं साठून राहिलेला साठा. एक पगार आहे आणि एक बँकेतली शिल्लक. शालझेतनं वर्षाला एक टीएमसी जास्तीचं काढलं तर तळं 1 मीटर 18 सेंटीमीटर उतरेल. पाव्हण्यांचा दगड सोडा, धक्काच कोरड्यावर येईल.

आणि वीजघराचं पाणी वापरून संपत नाही, खाली जाऊन वाहतच राहतं. शेतीचं पाणी संपतं. सेकंदाला एक घनमीटर पाणी तीस मीटरवरनं सोडलं तर सव्वादोनशे-अडीचशे किलोवॅट मिळतात, त्या काळी एका लहान गावाला ते लईच झालं, पण त्यात पाण्याचा एक थेंब खर्च होत नाही. खर्च होते ती फक्त दिशा. जी नदी मूळची, म्हणजे शाले, तिच्या वाट्याचं कमी होतं. कणकुंबीचं आणि शालझेचं खरं साम्य तिथं आहे, ज्याच्या ताटातलं गेलं त्यानं ओरडायचं.

मलप्रभाकाठ
पगार आणि शिल्लक पटलं. पण आमच्या मलप्रभेला मे महिन्यात बघा, पगार पण नाही आणि शिल्लक पण नाही, खानापूर पुलाखाली पोरं क्रिकेट खेळतात नदीत.

निपाणी ते हॅम्बुर्ग
आता मूळ गोष्ट राहिलीच, जी आपल्या भागातल्या माणसाला सगळ्यात जास्त लागेल. त्या तळ्यातनं सरहद्द जात होती. पूर्व जर्मनी आणि पश्चिम जर्मनीची. त्सारेन्टीन पूर्वेत, पलीकडचा काठ पश्चिमेत. काका तुम्ही बसलात ना धक्क्यावर, तिथं 1989 च्या आधी असं मासा खात बसता आलं नसतं. काठाला कुंपण, पहारा, आणि काठापासून आत पाच किलोमीटरचा पट्टा असा की तिथल्या रहिवाशाला पण पास लागायचा.

आणि सरहद्द पण सुरुवातीला होती तिथं राहिली नाही. युद्ध संपल्यावर 1945 च्या नोव्हेंबरात ब्रिटिश आणि रशियन अधिकाऱ्यांनी गादेबुशला बसून गावांची अदलाबदल केली. रात्झेबुर्गच्या पूर्वेची काही गावं ब्रिटिशांना, आणि शालझेच्या काठचं लासान, श्टिन्टेनबुर्ग वगैरे रशियनांना. कारण काय तर नकाशावर सोय. लोकांना सांगितलं जायचं असेल तर जा, मग भर थंडीत गाड्यात सामान आणि गुरं घालून बरीच माणसं पलीकडं गेली. लासानच्या चर्चच्या बाहेर उभं राहिलं की खाली तळं दिसतं आणि पलीकडं ते गेलेल्यांचा किनारा. मी निपाणीचा माणूस, मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या आजोबांच्या वेळी 1956 ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली तेव्हा काय झालं ते घरोघरी ठाऊक आहे.

त्याचा उलटा फायदा तळ्याला झाला. चाळीस वर्षं पूर्व काठाला ना हॉटेल ना बंगला ना मोटारबोट. वेत वाढला, क्रौंच, समुद्री गरुड, पाणमांजरं सुखानं राहिली. 1990 मधे पूर्व जर्मनीच्या शेवटच्या सरकारनं जाता जाता जे मोठे नॅशनल पार्क वगैरे जाहीर केले त्यात शालझे पण होतं, आणि 2000 साली युनेस्कोनं त्याला बायोस्फिअर रिझर्व्ह म्हणून घेतलं. आता तळ्याच्या मधनं दोन राज्यांची हद्द जाते, श्लेस्विग होल्श्टाइन आणि मेक्लेनबुर्ग फोरपोमर्न, पण ती पोहताना कळत नाही.

कुंदाप्रेमी
पोहताना कळत नाही हे वाक्य वाचून मला बस स्टँडवरचे मराठी-कन्नड भांडणाचे बोर्ड आठवले.

मलप्रभाकाठ
बोर्डाचा विषय काढलास तर धागा दोन हजार प्रतिसादांवर जाईल आणि पाण्याचं राहून जाईल. नको बाबा.

भूगोलाच्या बाई
होय, पाण्याचंच बोलूया. निपाणीच्या पोराला एक विचारायचं होतं, 2018 च्या दुष्काळाचं तिकडं काय झालं? आमच्या वेळच्या पुस्तकात जर्मनी म्हणजे हिरवीगार, दुष्काळ हा शब्दच नव्हता त्या धड्यात.

निपाणी ते हॅम्बुर्ग
बाई 2018 ला मी नवीनच आलेलो. एप्रिलपासून ऊन ते ऊन, मला तर घरच्यासारखं वाटत होतं, इथले लोक घाबरलेले. पार्कातलं गवत मे महिन्यातल्या आपल्या माळासारखं पिवळं. 2018, 2019, 2020 अशी तीन वर्षं ओळीनं कोरडी गेली. पाऊस नंतर पडला तरी भूजल लगेच वर येत नाही, वर टीएमसी काकांनी विहिरीचं सांगितलं तसं, फक्त इथं ते महिन्यांत नाही, वर्षांत मोजायचं. बर्लिनच्या बाजूला श्ट्राउसझे म्हणून तळं आहे, गेल्या दहा-बारा वर्षांत ते दीड मीटरच्या वर खाली गेलं, पोहायच्या जागेच्या पायऱ्या हवेत राहिल्या. त्याला बाहेर जायला वाट जवळजवळ नाहीच, म्हणजे कुणी चोरलं नाही, कालव्यानं नेलं नाही, भूजल उतरलं आणि तळं त्याच्या मागनं उतरलं. बाहेरनं पाणी आणून भरायचं का म्हणून तिथं वाद सुरू आहे.

टीएमसीवाला
हाच मुद्दा आहे. तिकडची बरीच तळी म्हणजे खरं तर जमिनीतल्या पाण्याला पडलेली खिडकी. खिडकीत दिसणारी पातळी तळ्याची वाटते पण ती सगळ्या शिवाराची असते. आपल्याकडं तळं म्हणजे बांध घालून अडवलेलं पाणी, म्हणून आपल्या डोक्यात तळं भरतं आणि तळं संपतं एवढंच आहे. राकसकोपचा डेडस्टॉक, म्हणजे तळाचा शेवटचा साठा, आला की शहरात आठ-दहा दिवसांनी नळ, हे आमचं पाठ. माझ्या गल्लीत एका वर्षी बाराव्या दिवशी आलं आणि ते पण पहाटे तीनला, बायको उठून भरत बसली आणि मी जो पातळीचा तज्ज्ञ तो झोपलेला, आजपर्यंत ऐकून घेतोय.

पाव्हणं, शालझेत मात्र एक भर आहे. ते नुसती खिडकी नाही, त्याला दोन दारं पण आहेत, शाले आणि कालवा. त्यामुळे दगड दोन वीत उतरला त्यातलं उन्हानं किती नेलं आणि दारांतनं किती गेलं हे नुसत्या दगडावरनं सांगता येणार नाही. जिथं माणसाच्या हातात दार असतं तिथं पातळी ही अर्धी निसर्गाची आणि अर्धी दारावरच्या माणसाची. हे मी अनुभवानं सांगतो, आमच्याकडं पण वरनं फोन आला की आकडा हलायचा, पावसाचा काय संबंध नसायचा.

खानापूरचा पाव्हणा
मंडळी काय सांगू, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळं प्रिंट काढून ठेवलं. जावयाला काल व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तुमचं बरोबर होतं, 1925 पासून बरोबर आहे, त्याच्या आधी माझं बरोबर होतं. तो हसला, म्हणजे व्हिसाचं पत्र येईल.

आणि लासानचं वाचून गप्प बसलो बराच वेळ. दोन खेपा त्या काठावर बसलो, मासा खाल्ला, पलीकडं कोण गेलं कोण राहिलं काही ठाऊक नव्हतं.

आता एक नवीन. लेकीला सांगितलं की परत गेलीस की दगडाचा फोटो पाठव, म्हणून ती ह्या रविवारी मुद्दाम गेली आणि नातीला दगडाशेजारी उभं करून फोटो पाठवलाय. फेब्रुवारी चालूय म्हणजे टीएमसी साहेबांच्या हिशेबानं दगड पाण्याखाली जायला पाहिजे होता, पण वरचा चारेक बोटं भाग बाहेर आहे. आणि गंमत म्हणजे लाटा येऊन तो भाग पण ओला झालेला. मग हिवाळ्यात पाऊस कमी झाला म्हणायचा का?

टीएमसीवाला
एका फोटोवरनं पाऊस कमी म्हणू नका. लाटा आहेत म्हणता म्हणजे वारा होता. वारा कुठनं होता ते विचारा. लांब तळ्यावर वारा एका अंगानं बराच वेळ लागला की पाणी दुसऱ्या टोकाला रेटलं जातं, एका काठाला थोडा चढ आणि समोरच्याला उतार. त्सारेन्टीन दक्षिण टोकाला. दक्षिणेचा वारा असेल तर पाणी उत्तरेला ढकललं जाणार आणि तुमचा दगड नेहमीपेक्षा थोडा जास्त बाहेर दिसू शकतो. आम्ही धरणावर पट्टी वाचायची ती पहाटे, पाणी आरशासारखं असताना. लेकीला सांगा वारा नसलेल्या दिवशी जाऊन, त्याच जागेवरनं, नातीला न हलवता फोटो काढायचा.

भूगोलाच्या बाई
नातीला न हलवता हे धरणापेक्षा अवघड काम आहे.

खानापूरचा पाव्हणा
सांगितलं आत्ताच. ती म्हणते, बाबा, उत्तर जर्मनीत वारा नसलेला दिवस कुठला ते आधी तुमच्या साहेबांना विचारा.